अर्धी गोळी

दादाभाऊचं तेरावं उरकलं, पावणे-रावळे आपापल्या गावी गेले, आणि मंगलने कपाटावरचा बिस्किटांचा डबा खाली काढला. आत मॉर्फिनच्या गोळ्यांची पाच पाकिटं होती, दहा-दहाची. शेवटची खेप पुण्याहून आणली आणि सहाव्या दिवशी दादाभाऊ गेला, म्हणून एवढ्या उरल्या होत्या.

दादाभाऊ टेम्पो चालवायचा. लोणी आणि आसपासच्या गावांतला कांदा भरून वाशीला न्यायचा. जबड्याच्या कॅन्सरने त्याला सात महिने घरात पाडलं. त्यातले पहिले तीन महिने मंगलला आठवायचे नव्हते. माणूस भिंतीला गाल घासायचा, उशीचं कापड दातांत धरायचा. मग कुणीतरी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तिथे वेदनेचे वेगळे डॉक्टर बसतात हे तिला पहिल्यांदाच कळलं. डॉक्टर श्रेया म्हणून एक मॅडम होत्या, चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी या गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या दिवशी दादाभाऊने पेज मागून घेतली.

गोळ्या घेताना दर वेळी खिडकीपाशी सही करावी लागे, रिकामी पाकिटं परत द्यावी लागत. श्रेया मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "उरल्या तर परत आणून द्यायच्या. दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत, कितीही जवळचं माणूस असलं तरी. हे अफूपासून बनलेलं औषध आहे, त्याचा कायदा फार कडक आहे."

परत द्यायला जायचं मंगलच्या मनात रोज होतं. पण आधी गाय व्यायली. मग ज्वारी काढणीला आली. आणि खरं म्हणजे त्या हॉस्पिटलच्या पायऱ्या एकटीने चढायची तिची तयारी नव्हती. असा दीड महिना गेला. डबा कपाटावर होता तिथेच राहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी चार घरं पलीकडे साळुबाईचं ओरडणं सुरू झालं.

साळुबाई नात्याने तिची चुलत सासू, सत्तरीला आलेली. छातीचा कॅन्सर दोन वर्षांपूर्वी निघाला होता. ऑपरेशन झालं, सगळ्यांना वाटलं निभावलं. आता तो मांडीच्या हाडात उतरला होता. मुलगा भरत चाकणला कंपनीत होता, पाळीवर जायचा. घरी सून इंद्रायणी एकटी. ती गुरुवारी दुपारी मंगलच्या दारात येऊन उभी राहिली. पदराला पीठ तसंच होतं.

"ताई, जरा येता का? मला आता बघवत न्हाई."

मंगल गेली. साळुबाई कुशीवर पडली होती आणि तिचा आवाज माणसाचा वाटत नव्हता. दम संपला की थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. भरत खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याने सांगितलं, गावातल्या डॉक्टरने सकाळी इंजेक्शन दिलं, तासभर उतार पडला. पुण्याच्या हॉस्पिटलला फोन केला, तर पेशंट आणल्याशिवाय गोळी मिळणार नाही, शुक्रवारचे नंबर भरलेत आणि आता मंगळवारचाच.

"मंगळवार म्हंजे पाच दिस, वहिनी," भरत म्हणाला. "आन जीपमदी घालायची तर पाय हलवू देत न्हाई."

मंगल तशीच स्टँडवरच्या कुंडलिकच्या मेडिकलमध्ये गेली. कुंडलिकने बाकीच्या गिऱ्हाइकांना वाटेला लावलं आणि मग बोलला.

"ती गोळी मी ठेवत न्हाई वहिनी. तिला परवानगी येगळी, रजिस्टर येगळं, कुलपाचं कपाट येगळं. एक गोळी कमी भरली तर दुकानाला टाळं आन मी आत. माझ्या माहितीत तालुक्यात कुणी ठेवत न्हाई."

"मंग दुखणाऱ्या माणसानं काय करायचं?"

"पुण्याला जायाचं," कुंडलिक म्हणाला. त्यालाही ते बोलताना बरं वाटलं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

घरी येऊन तिने डबा खाली काढला, मांडीवर घेतला. उघडला नाही. मग श्रेया मॅडमना फोन लावला. त्यांचा नंबर दादाभाऊच्या वेळेपासून तिच्याकडे होता. मंगलने साळुबाईचं सगळं सांगितलं. मॅडमनी वय विचारलं, लघवी होते का, शुद्धीवर आहेत का, आधी काय काय दिलं. मग म्हणाल्या, "मंगळवारी कसंही करून आणा. मी स्वतः बघते. त्याआधी मी पेशंट न बघता काही देऊ शकत नाही, मंगलताई."

"मॅडम, माझ्याकडं पन्नास गोळ्या हायेत."



"त्या परत करायच्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "त्या देऊन टाका असं मी म्हणू शकत नाही. तुम्हालाही कळतंय ना, मी का म्हणू शकत नाही?"

"कळतंय." मंगलने पदराने कपाळ पुसलं. "एक इचारायचं व्हतं. यांना पयल्या दिवशी अर्धी दिल्ती, ती किती तासानं?"

 मॅडम नेहमीपेक्षाही हळू आवाजात म्हणाल्या, "अर्धी. चार तासांनी. झोप फार गाढ वाटली, हाका मारून उठत नसतील, तर पुढची द्यायची नाही. आणि पोट साफ व्हायचं औषध सोबत." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सहा वाजता मंगलने चमच्यात अर्धी गोळी विरघळवून साळुबाईच्या ओठांत सोडली. इंद्रायणीला आणि भरतला तिने आधीच सांगितलं, "ही गोळी दुसऱ्याला द्यायची न्हाई, असा कायदा हाय. कुणाला बोलू नका." भरतने मान हलवली. त्या वेळी त्याने कशालाही मान हलवली असती.

पाऊण तासाने आवाज कमी झाला. दीड तासाने साळुबाईने डोळे उघडले आणि विचारलं, "इंद्रे, गाईचं दूध काढलं का गं?"

इंद्रायणी चुलीपुढे तोंड झाकून रडली.

पुढचे तीन दिवस मंगलने घड्याळ सोडलं नाही. एका वहीच्या कागदावर ती वेळ लिहायची: सहा, दहा, दोन, सहा. गोळी देण्याआधी साळुबाईला हाक मारायची, श्वास मोजायची, डोळ्यांत बघायची. दोनदा ती गाढ झोपलेली दिसली, तेव्हा दिली नाही. घरी आल्यावर मात्र तिला चैन पडत नसे. गायीला वैरण टाकताना हात थांबायचा. जास्त झाली तर? रस्त्यावर मोटारसायकल थांबली तरी ती खिडकीशी जायची. डबा तिने कपाटावरून काढून कणग्यांच्या मागे ठेवला, मग तिथून काढून पुन्हा कपाटावर ठेवला.

रविवारी साळुबाईने आल्याचा चहा मागितला. तिला उशीला टेकून बसवलं. इंद्रायणीने तिचे केस विंचरले. म्हातारी बोलायला लागली. माहेर आळ्याचं. लहानपणी आळ्याच्या जत्रेत तिचा धाकटा भाऊ कुशाबा हरवला होता. सगळं गाव शोधत फिरलं, आणि तो कासाराच्या गाडीखाली झोपलेला सापडला, मुठीत हिरव्या बांगडीचा तुकडा धरून.

"माझ्यासाठी घेत व्हता म्हणं," साळुबाई हसली. "पैसं नव्हतं, म्हणून फुटकी उचलली. तो येईल का गं बघायला?"

"येईल की आत्याबाई. उद्या फोन करू," इंद्रायणी म्हणाली.

सोमवारी पहाटे साळुबाई गेली. इंद्रायणी उठून बघते तर श्वास नव्हता. तोंडावर ताण नव्हता. रात्री दहाच्या अर्ध्या गोळीनंतर दोनची मंगलने दिली नव्हती, कारण म्हातारी झोपली होती. तरी बातमी कळल्यावर तिने आधी वेळांचा कागद काढला. माझ्या हातून तर नाही झालं? ती पुन्हा पुन्हा तो कागद वाचत राहिली. सहा, दहा, दोन. बेरीज केली. अठरा वेळा अर्धी. नऊ गोळ्या.

कुशाबा त्याच दिवशी आळ्याहून आला. पासष्टीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. दोन महिने तो बहिणीकडे फिरकला नव्हता, द्राक्षाच्या बागेतून सवड नव्हती. तो मोठ्याने रडला नाही. तिसऱ्या दिवशी सावडायला सगळे जमले तेव्हा इंद्रायणी बायकांना सांगत होती, "मंगलताईंच्या गोळीनं शेवटचं चार दिस सुखात गेलं. न्हाईतर आमची म्हातारी तडफडून गेली असती."

ती चांगल्या मनाने बोलली. कुशाबाने ते ऐकलं.

"कसली गोळी?" त्याने विचारलं.

कुणीच नीट सांगेना. त्याने भरतला बाजूला घेतलं, मग गावातल्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने स्वतःला वाचवण्यापुरतं खरं सांगितलं: ती अफूची गोळी असते, जास्त झाली तर श्वास बंद पडतो, मी दिलेली नाही. कुशाबा तिथून थेट पोलिसांत गेला. बहीण बोलत होती, चहा पीत होती, असं सगळे म्हणत होते. मग दुसऱ्या दिवशी ती गेली कशी? त्याच्या डोक्यात एवढंच बसलं होतं.

शुक्रवारी दुपारी पोलिसांची गाडी मंगलच्या दारात थांबली. एक साहेब, एक हवालदार, एक महिला हवालदार. साहेबांचं वय पस्तिशीचं, बोलणं सभ्य.

"दादाभाऊंच्या गोळ्या कुठे आहेत?"

मंगलने डबा आणून दिला. दोन पंच बोलावले. गोळ्या मोजल्या, एक्केचाळीस. पाकिटांसकट सोनाराच्या काट्यावर ठेवल्या, अकरा ग्रॅम भरलं, तसं लिहून घेतलं. वेळा लिहिलेला कागदही घेतला. अंगणाच्या कडेला गर्दी जमली होती. कुणीतरी फोन वर धरलेला मंगलला दिसला.

"साळुबाईंना गोळी तुम्ही दिली?"

"व्हय."

"किती द्यायची ते कोणी सांगितलं?"

हा प्रश्न येणार हे मंगल तीन दिवस धरून चालली होती. "कुणी न्हाई. नवऱ्याला चार महिने देत व्हते. मला ठावं हाय."

साहेबांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि लिहून घेतलं. पंचनामा संपेपर्यंत ऊन कललं. त्यांनी बाहेर जाऊन वरच्यांना फोन केला. महिला हवालदार तोवर मंगलजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "दिवस मावळल्यावर बाईला न्यायचं नसतं. उद्या सकाळी नऊला ठाण्यात या. दोन कपडे बरोबर ठेवा."

ते दोन कपडे पिशवीत भरताना मंगलला पहिल्यांदा भीती म्हणजे काय ते नीट कळलं. लुगडं घडी करून ठेवलं, पुन्हा काढलं, कारण जाडसर हवं होतं का पातळ, हेच तिला सुचेना. आळ्याला दिलेली मुलगी समृद्धी हिचा फोन आला. तिच्या सासरच्या ग्रुपवर बातमी पोचली होती: लोणीत महिलेच्या घरात ड्रग्ज सापडले.

"आई, हे खरं हाय का?"

"तुझ्या बापाच्या गोळ्या हायेत त्या."

"मला माहितीय गं. पण इथं कुणाला काय सांगू? सासूबाई इचारतात, जावायाला पण नेतील का म्हणून."

 गायी कुणाकडे सोडायच्या हे ठरवायचं राहिलं होतं, तेवढं मंगलने बोलून घेतलं.

सकाळी ती पिशवी घेऊन गेली. ठाण्यात लाकडी बाकावर अडीच तास बसली. भरतचा जबाब आधीच झाला होता, ते तिला तिथेच कळलं. 'गोळी कसली होती ते आम्हास माहीत नव्हते', असं त्यात होतं. भरतला कंपनीची भीती होती. कंपनीत गेटवर चौकशी झाली तर नोकरी जाईल असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मंगलला राग आला नाही. फक्त आपण आता एकट्या आहोत, हे कळलं, आणि बाक जास्त कडक वाटायला लागलं.

साहेबांनी आत बोलावलं. "म्हातारीचं दहन झालंय. मरण गोळीनं आलं की आजारानं, हे आता कुणाला सिद्ध करता येणार नाही. पण गोळ्या जवळ बाळगल्या आणि दुसऱ्याला दिल्या, हे तुमच्याच तोंडचं आहे. सॅम्पल लॅबला पाठवतोय. अहवाल येईपर्यंत अटक करत नाही, नोटीस देतो. बोलावलं की यायचं. गाव सोडायचं नाही."

"साहेब, पिशवी परत न्यायची का?"

"न्या," ते म्हणाले आणि कागदाकडे वळले.

घोडेगावच्या कोर्टात सुनील नावाचा वकील होता, दादाभाऊचा शाळासोबती. त्याने कागद वाचले आणि चष्मा काढला.

"वहिनी, सगळं वजनावर हाय. मॉर्फिनला पाच ग्रॅमची रेघ हाय. पाचच्या आत भरलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा, किंवा दंड, आन जामिनाला अडचण न्हाई. पाचच्या वर गेलं की दहा वर्षांपर्यंत."

"दहा?"

"व्हय. आन यांनी पाकिटांसकट अकरा ग्रॅम लिवलंय."

"पण गोळीत औषध किती असतं? दहा मिलिग्रॅम लिवलेलं असतंय पाकिटावर."

"तसं बघितलं तर एक्केचाळीस गोळ्यांत अर्धा ग्रॅमबी औषध न्हाई. पण कोर्ट आता सगळ्या गोळीचं वजन धरतं. आतला खडू-पीठ धरून. एक गोळी साधारण एकशेवीस मिलिग्रॅमची." त्याने मोबाईलवर गुणाकार केला आणि तिच्यापुढे धरला. चार पूर्णांक ब्याण्णव. "काटा जरा इकडं-तिकडं झाला, दमट हवेनं गोळी फुगली, तर गेलं."

मंगल त्या आकड्याकडे बघत राहिली. एका गोळीचाही फरक नाही. साळुबाईला आणखी चार वेळा अर्धी दिली असती तर रेघ लांब गेली असती. एक दिवस कमी दिली असती तर रेघेच्या पलीकडे. हे तिच्या डोक्यात फिरायला लागलं आणि थांबेचना.

अहवालाला पाच आठवडे लागले. डेअरीवर दूध घालायला गेली की बोलणं बंद पडायचं. कुणी वाईट बोललं नाही. एकाने हसत विचारलं, "काय मंगलवहिनी, माल हाय का शिल्लक?" आणि बाकीचे खाली बघायला लागले. पोस्टमन लांबून दिसला तरी ती हातातलं काम टाकून दारात यायची. दर सोमवारी ठाण्यात हजेरी होती. दर वेळी ती दोन कपड्यांची पिशवी घेऊनच जायची, आणि दर वेळी परत आणायची.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी कुशाबा तिच्या अंगणात आला. ती शेण भरत होती. त्याला बघून तिचे हात तसेच राहिले.

"बस म्हणशील का?" त्याने विचारलं.

तिने हात धुतले, ओट्यावर घोंगडी टाकली. कुशाबा बसला. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"इंद्रायणी माझ्याकडं आली व्हती आळ्याला," तो म्हणाला. "भरतला न सांगता. तिनं मला फोनमदलं बहिणीचं वरडणं ऐकवलं. गोळीच्या आदलं. बुधवारचं. तिनं डॉक्टरला ऐकवायला भरून ठिवलं व्हतं." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "मला ठावं नव्हतं. मी इचारलं की भरत म्हनायचा, दुखतंय थोडं, वय झालंय."

मंगलने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"पोरी, मला एक सांग. शेवटी ती काय बोलली?"

तेव्हा मंगलने त्याला चहाचं सांगितलं, केस विंचरल्याचं सांगितलं, आणि आळ्याच्या जत्रेचं. कासाराची गाडी. हिरव्या बांगडीचा तुकडा. तो येईल का बघायला, असं विचारलं होतं, तेही सांगितलं. सांगावं की नाही असं तिला वाटलं होतं, पण तिने लपवलं नाही.

कुशाबाने टोपी डोळ्यांवर धरली. त्याचे खांदे हलत होते. मग तो उठला आणि म्हणाला, "चल. मी तक्रार मागं घेतो."

दोघं ठाण्यात गेले. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाबा, ही तुमच्या दोघांतली तक्रार नाही. हा गुन्हा सरकारविरुद्ध असतो. तुम्ही खबर दिली, आम्ही माल जप्त केला. आता तुम्ही नाही म्हणालात म्हणून माझ्या हातात काही नाही. कोर्टात तुमचं म्हणणं सांगा."

"म्हंजे मी सुरू केलं, आन मला थांबवता येत न्हाई?"

"नाही."

बाहेर आल्यावर कुशाबा रसवंतीजवळ उभा राहिला आणि पुढे चालेनाच. मंगलनेच त्याला एसटीत बसवलं.

अहवाल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पाकिटं वगळून निव्वळ वजन चार पूर्णांक शहाऐंशी. सुनीलने फोनवर आकडा सांगितला, तेव्हा मंगल गोठ्यात होती. ती गायीच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली. आनंद झाला असं तिला म्हणता येईना. घरात जाऊन तिने दोन कपड्यांची पिशवी रिकामी केली.

खटला मात्र संपला नाही. दोषारोपपत्र लागलं, तारखा पडायला लागल्या. सुनील म्हणाला, "कबूल करा, दंड भरा, मोकळ्या व्हा." मंगलने विचार केला. थकवा एवढा होता की ती कबूल करणारच होती. पण मग कागदावर कायमचं लागेल की या बाईला अंमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. समृद्धीच्या सासरी ते कायम राहील. तिने नाही म्हटलं. इंद्रायणीने साक्ष द्यायचं कबूल केलं. भरत मंगलशी दोन महिने बोलत नव्हता, मग एका तारखेला तोच तिला मोटारसायकलवर घोडेगावला सोडायला आला. उतरल्यावर म्हणाला, "वहिनी, माझं चुकलं." मंगल म्हणाली, "जा भाऊजी, पाळी चुकंल."

मे महिन्यात कोर्टाला दादाभाऊच्या औषधांचा कागद हवा म्हणून ती पुण्याला त्या हॉस्पिटलच्या पायऱ्या अखेर चढली. श्रेया मॅडमनी तिला आत घेतलं, दार लावलं. पोलिसांचं पत्र हॉस्पिटललाही आलं होतं: किती गोळ्या दिल्या, उरलेल्या परत का घेतल्या नाहीत. त्यानंतर वरून हुकूम निघाला. लांबच्या पेशंटला आता पंधरवड्याऐवजी पाचच दिवसांच्या गोळ्या.

"पाच दिवसांनी डोंगरातला माणूस इथं कसा येणार, मॅडम?" मंगलने विचारलं. "भीमाशंकरकडचा माणूस तर एक दिस यायला, एक जायला."

"येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मागच्या महिन्यात सात जण आलेच नाहीत." त्या टेबलावरचा पेन सरळ करत राहिल्या. "अफू आपल्याच देशात पिकते, मंगलताई. सरकारच्या परवान्यानं. दरवर्षी व्हिएन्नाला सगळ्या देशांची माणसं बसतात, हे औषध चुकीच्या हातात जाऊ नये म्हणून बोलतात. आता थोडं बदलतंय म्हणतात. कायदाही मध्ये सुधारला, पण दुकानदाराची भीती तीच राहिली. माझीसुद्धा."

मंगलला एक विचारायचंच होतं. "मॅडम, म्हातारी गोळीनं गेली का?"

"शेवटच्या संध्याकाळी बोलत होत्या? ओळखत होत्या?"

"जेवल्या थोडं. रात्री इंद्रायणीला गोधडी अंगावर घे म्हनल्या."

"मग नाही. गोळी जास्त झाली असती तर त्या दिवसभर गुंगीत असत्या. हाडातून तो आजार सगळीकडे गेला होता." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत."

"तुमचं नाव घेतलं असतं तर गोळ्यांची खिडकी बंद झाली असती," मंगल म्हणाली.

 मॅडमनी कागदावर शिक्का मारून दिला.

पावसाळ्याच्या तोंडाला एक अनोळखी माणूस मंगलचं घर विचारत आला. चिमाजी नाव, पश्चिमेच्या डोंगरातून आलेला, दोन एसट्या बदलून. पायात चिखलाच्या चपला. त्याची बायको लंकाबाई, तिला गर्भाशयाचा आजार होता. मंगलबद्दलची ती ड्रग्जची बातमी त्याने कुठल्याशा मोबाईल ग्रुपवर वाचली होती.

"बाई, तुमच्याकडं ती गोळी असती म्हणं. एखादी पडली असंल तर बघा की. ती लई वरडती."

मंगल दारात उभी होती. आधी तिने रस्त्याकडे पाहिलं, कुणी ऐकतंय का म्हणून. हा पोलिसांचाच माणूस तर नसेल, असंही मनात येऊन गेलं. पण त्याचे डोळे तिने ओळखले. चार महिन्यांपूर्वी इंद्रायणीचे तसेच होते.

"न्हाई," ती म्हणाली. "एकबी न्हाई. सगळ्या नेल्या."

हे खरं होतं, आणि ते खरं असल्याचं तिला बरं वाटलं. घरात एक गोळी असती तर तिला ठरवावं लागलं असतं, आणि आपण काय ठरवलं असतं याची तिला आता खात्री नव्हती. बरं वाटल्याची तिला लाज वाटली. ती बाजूला झाली.

"आत या. चहा घ्या आधी."

चिमाजी ओट्याच्या कडेला बसला. मंगलने त्याला सगळं सांगितलं: कुठल्या बसने जायचं, कुठल्या दारातून आत जायचं, मंगळवार आणि शुक्रवार, आधार कार्ड, तपासणीचे सगळे कागद, आणि बाईला न्यावंच लागेल, कसंही करून. पाचच दिवसांच्या देतील, तेव्हा परत यायची सोय करून जायचं. तो प्रत्येक गोष्टीला "हां" म्हणत होता. मंगलने विचारलं, "काय सांगितलं मी?" त्याला मंगळवार आठवला, शुक्रवार आठवला नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.